मागचं दार, दोन एक्केचाळीस

३ तारीख, सोमवार

हिशेबाची वही शेवटून कोरी होती, म्हणून उलटी धरून लिहायला घेतलं. नवी वही आणावी एवढा या विषयाला मान द्यायचं काही कारण नाही.

काल चिरंजीव सकाळच्या गाडीने आले, जेवणाच्या टेबलावर अकरा खोकी रचली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. खोक्यांत घराची राखण करणारी यंत्रं आहेत. मुख्य म्हणजे भिंतीवर लावायची एक पांढरी पेटी. मग दारांना चिकटवायचे जोडतुकडे. एक तुकडा चौकटीला, एक दाराला. दार उघडलं की दोघांची ताटातूट होते आणि ते पेटीला कळतं. शिवाय माणूस हलला की टिपणारा डोळा, धुराचा भोंगा, दोन कॅमेरे, एक कुलूप, तीन दिवे. सगळं बिनतारी. पेटी आणि तुकडे एका कंपनीचे, बाकी जिथे सवलत दिसली तिथे चिरंजिवांनी बोट टेकवलेलं. कोणाचं कोणाशी पटतं हे विचारायचं राहून गेलं. लग्न लावून झालं, आता ओळख करून द्यायची.

हे सगळं कशासाठी, तर गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी सासूबाई मागच्या दारापाशी पडलेल्या सापडल्या. दार सताड उघडं, काठी बाहेर गल्लीत. हे बँकेत गेले होते, मी पुढच्या खोलीत दार लावून जपाला बसले होते. नशीब, मनगट मुरगळण्यावर निभावलं. चिरंजिवांनी निकाल दिला, "आजी घराबाहेर पडायला लागली आहे, आई. महिनाभरात दारांचा बंदोबस्त झाला नाही तर तिला शुश्रूषा केंद्रात ठेवू." केंद्र त्यांनी पाहूनही ठेवलंय. एका दालनात सहा खाटा, मध्ये पडदे.

सासूबाईंचं आणि माझं कधी गूळपीठ नव्हतं. वर्षापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं, तेव्हापासून तर भांडायचीही सोय उरली नाही. पण या घरातलं माणूस या घरातून जायचं ते देवाने बोलावल्यावर. मुलाला सुट्टी मिळत नाही म्हणून नाही.

तेव्हा मला काम लागलं आहे. कोणतं यंत्र पेटीशी जुळतं आणि कोणतं नाही, याची यादी वीस तारखेपर्यंत करायची. वीसला पेटी पूर्ण चालू होणार. मग न सांगता कोणतंही दार उघडलं की घरात पेटीच्या पोटातला भोंगा आणि तिकडे चिरंजिवांच्या फोनवर बोंब.

४ तारीख, मंगळवार

यंत्रं बसवणारा आला. सगळं बिनतारी, म्हणून मी त्याचं नाव तारवाला ठेवलं. बूट काढायला सांगितले तर मोजे पाहून वाटलं, बूटच बरे होते.

"काकू, सगळं जुळणार. वायरलेस आहे ना."

"वायरलेस असलं की सगळं एकमेकांशी बोलतं?"

"बोलतंच."

"तुम्ही आणि मीही वायरलेसच आहोत. पण मी विचारते एक आणि तुम्ही सांगता दुसरंच."

पेटीच्या पोटावर बारीक अक्षरांत ८६८ आकडा आहे. भोंग्याच्या पोटावर ४३३. मॅट्रिकला विज्ञानात मला बासष्ट गुण होते, तेवढ्यावरही कळतं की हे दोन वेगळ्या लहरींवर बोलणारे प्राणी आहेत. त्याला दाखवलं. तो म्हणाला, "अपडेट मारलं की होईल." खिशात त्याच्याकडे हे एकच हत्यार आहे. उद्या त्याची सायकल पंक्चर झाली तरी अपडेट मारील.

त्याने पेटी लावली, तुकडे चिकटवले आणि पाच निळ्या चकत्या दिल्या. घरातल्या माणसाने दारावरच्या चौकोनाला चकती टेकवायची, हिरवा दिवा लागला की आत यायचं. प्रत्येक चकतीला नाव. पेटी नावानिशी नोंद ठेवते आणि मला ती फोनवर दिसते. ही एकच गोष्ट त्यांत मला समंजस वाटली.

"हे, मी, सासूबाई, चिरंजीव. चार झाल्या. पाचवी कोणाची?"

"कामवाली बाई वगैरे."

"ती या घरात चौतीस वर्षं मीच आहे."

पाचवी बटणांच्या डब्यात टाकली. फुकट आली म्हणून वापरलीच पाहिजे असं नाही आणि टाकून द्यायचं तर अजिबातच नाही.

६ तारीख, गुरुवार

यादीला सुरुवात. वहीत चार रकाने पाडले: वस्तू, पोटावरचा आकडा, पेटीने ओळखलं का, तीनदा तपासलं का. एकदा लागलेला ताळा हा ताळा नसतो. हिशेबाचंही मी तेच करते, वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा.

धुराचा भोंगा: जुळत नाही. पेटीसमोर धरून वाजवला, पेटी ढिम्म. बहिऱ्यापुढे कीर्तन.

कॅमेरे: जुळत नाहीत. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर पेटीला चालणाऱ्या कॅमेऱ्यांची नावं आहेत, त्यांत हे दोघे नाहीत. ते पान तारवाल्याने वाचलं नव्हतं. पहिलंही वाचलं नसावं.

पुढच्या दाराचा तुकडा: जुळतो. तीनदा उघडलं, तीनदा नोंद.

मागच्या दारापाशी गेले तर हे खुर्चीतून उठले. "अगं, मागच्या दाराचं राहू दे. ते मी बघतो." या माणसाला चौतीस वर्षांत स्वतःचा रुमाल स्वतः सापडलेला नाही. म्हटलं, बघा. बसले बघत. दाराकडे.

सासूबाईंची नखं कापलेली दिसली. गोल, नीट, कोपरे घासलेले. हेही ह्यांनी केलं म्हणे. म्हातारपणी का होईना, हाताला काही वळण लागलं.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी सासूबाईंची औषधं आणायला वरच्या रस्त्यापर्यंत चालत गेले. कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, घरापासून पन्नास पावलं, पण तिथे मी जात नाही. गल्ल्यावर धाकटी असते. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. दीर गेले आणि दोन वर्षांत हिने त्या दुकानाच्या मालकाशी दुसरं लग्न केलं. ते सांगायला आली तेव्हा मी उंबऱ्यातच सांगितलं, "आता या घरात तुझं काही नाही." नऊ वर्षं झाली. मी त्या दुकानाच्या समोरच्या पदपथावरून जाते आणि तिकडे पाहत नाही. पाहत नाही म्हणूनच माहीत आहे, गेल्या वर्षी त्यांनी पाटी बदलली आणि दुपारी अडीचला अर्धं शटर ओढतात.

संध्याकाळी पेटीतली मागच्या दाराची नोंद पहिल्यांदा उघडली.

मागचं दार. उघडलं २:४१. बंद २:४१. उघडलं ३:२४. बंद ३:२४.

कालचीही तशीच. २:४१ आणि ३:२५.

अडीच ते साडेतीन मी जपाला असते, शेवटी घंटा वाजवून उठते. हे म्हणाले, मी पेपर वाचत होतो, दार कोण उघडणार. सासूबाई पडल्यापासून खाटेवरून एकट्या उठत नाहीत. म्हणजे तुकडा खोटं बोलतो. मागचं दार: नाव लिहिलं, खूण केली नाही.

१० तारीख, सोमवार

शनिवारी पुन्हा २:४१. रविवारी काही नाही. यंत्रालासुद्धा साप्ताहिक सुट्टी.

मला वाटलं, शेजारच्या मास्तरांनीही अशीच पेटी लावली आहे, त्यांच्या दाराची नोंद आमच्याकडे येत असेल. बिनतारी म्हणजे भिंतीचा मुलाहिजा नाही. सकाळी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं, मागचं दार दहा वेळा उघडा आणि लावा, मी घरी पेटीपाशी बसते. मास्तर निवृत्त आहेत, त्यांनी आनंदाने उघडलं. चौदा वेळा. नंतर खिडकीतून विचारतात, "वहिनी, अजून हवंय का? आमच्या बिजागऱ्या तयार आहेत."

आमच्या पेटीत एकही नोंद नाही. म्हणजे मास्तरांचं दार निर्दोष. मास्तरांबद्दल तसं म्हणवत नाही. जाता जाता म्हणाले, "तुमच्याकडे दुपारी हसण्याखिदळण्याचा आवाज येतो, बरं वाटतं हो." दुपारी मी जपात असते आणि हे पेपर वाचतात. मास्तरांना कानाच्या यंत्राची गरज आहे. तेही पेटीशी जुळतं का ते पाहून घ्यावं.

११ तारीख, मंगळवार

डॉक्टर येऊन गेले. सासूबाईंचं वजन दीड किलोने वाढलं. डॉक्टर म्हणाले, "जो कोणी भरवतोय, त्याने असंच चालू ठेवा." मी मान डोलावली. हे उगाचच खोकले.

तरी मला एक ताळा लागत नाही. सकाळ-संध्याकाळ मी भरवते. नेमाने उजव्या बाजूला बसते, उजवी बाजू देवाची. प्रत्येक घासाला नाव घेते. तरी वाटी अर्धी परत येते, निम्मं ओघळतं, शेवटी तोंड मिटून घेतात. दुपारची वाटी, जी हे देतात, ती मात्र चाटूनपुसून. त्या भरवण्यात ना नेम ना नाव. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "भूक लागते दुपारची."

सासूबाईंचं हल्ली एक नवीन आहे. दोन वाजले की दाराकडे पाहून म्हणतात, "आली?" मी सांगते, मी इथेच आहे, कुठे जाणार. तर मान फिरवतात. या वयात माणसाने अजून किती चिडवावं.

१३ तारीख, गुरुवार

मागच्या दाराचा चुंबकाचा तुकडा आज सकाळी तिसऱ्यांदा जमिनीवर सापडला. तारवाल्याला फोन केला.

"काकू, गोंद तर एक नंबरचा आहे."

"मग तो एक नंबर दाराला लावा, माझ्या कानाला नको."

तो यायच्या आधी मीच चिकटपट्टीने बसवला. आणि एक युक्ती केली. पुढच्या दाराची जोडी मागे लावली, मागची पुढे. दोष तुकड्यात असेल तर तो आता पुढच्या दारी दिसेल. एवढी साधी गोष्ट आहे. हिशेबात दोन वह्या जुळत नसल्या की पेन बदलून पाहतात का? पान बदलून पाहतात.

संध्याकाळी नोंद पाहिली. पुढचं दार स्वच्छ. मागचं दार, २:४१, ३:२३.

तुकडा खरं बोलतो आहे. दारच उघडतं.

ह्यांनी पुन्हा सिगरेट धरली असणार. पंधरा वर्षांपूर्वी देवासमोर सोडली होती. लपून ओढायची तर वेळही माझ्या जपाची निवडली. रात्रीच्या जेवणाला ह्यांचा सदरा हुंगला. सिगरेटचा वास नाही, कसल्याशा औषधी मलमाचा होता. हे म्हणाले, "काय करतेस?" म्हटलं, इस्त्री पाहते.

१४ तारीख, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहिते.

अडीचला दार लावून बसले. २:४० ला माळ हातात धरूनच उठले, चप्पल न घालता बोळातून मागे गेले आणि सासूबाईंच्या खोलीच्या दाराआड उभी राहिले. एक नाव अर्धंच राहिलं. मागची कडी हळूच वाजली. सिगरेट ओढणारा माणूस बाहेर जातो. इथे कोणीतरी आत आलं.

"दादा, घंटा व्हायला किती वेळ?"

नऊ वर्षांनी ऐकला तरी आवाज ओळखला. धाकटी.

"पाऊण तास आहे. ऑडिट आज मोठी माळ घेऊन बसलंय," हे म्हणाले.

ऑडिट म्हणजे मी. तसं नाव ठेवलेलं आहे.

मग सासूबाई हसल्या. दीर गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मला वाटत होतं, दिरांबरोबर तोही गेला.

"हं, आई, तोंड उघडा. हा घास ऑडिटच्या नावाचा. नाही खाल्ला तर वहीत चढेल. हा बघा, गेला. दादा, तुम्ही नका चमचा घेऊ, परवा कानात घालत होतात."

"मी फक्त पेपर वाचतो. तेवढं जमतं मला."

"आणि दारावर ते पांढरं काय लावलंय?"

"ते होय. जुळत नाही, म्हणते ती. मी सकाळी काढून ठेवतो, ती पुन्हा लावते."

"म्हणजे ते जुळतंय, दादा. जाऊबाईंनी लावलं आणि जुळलं नाही, असं कधी झालंय?"

चमचा वाटीला लागल्याचा आवाज तेवढा.

"वीस तारखेला भोंगा सुरू होणार ना? मग माझं येणं बंद. आणि आई, त्या मंगळवारसारखं करायचं नाही. दादा घरात नसले, मी दार वाजवलं आणि कोणी उघडलं नाही, तर मी परत जाते. तुम्ही उठायचं नाही. मी गल्लीच्या टोकाला पोचले होते, मला कुठे कळणार तुम्ही कडी काढायला आलात ते."

"आली," सासूबाई म्हणाल्या. "आली."

"हो, आले. आता दादा, नीट बघून घ्या, पुढे तुम्हालाच भरवायचंय. डावीकडे बसायचं. उजवा गाल त्यांना कळत नाही, घास तिथे साठतो, ठसका लागतो. डावीकडून द्या, थोडं थांबा, मग पुढचा. घाई नाही. वर्ष झालं, एवढं कोणी बघितलं नाही का?"

मी परत गेले. साडेतीनला घंटा वाजवली. वेळेवर.

१५ तारीख, शनिवार

ह्यांच्याशी बोलले नाही. कालपासून ह्यांना ते लक्षातही आलेलं नाही.

कोणी काय केलं ते मांडते. ह्यांनी वर्षभर खोटं सांगितलं, तेही पेपराआडून. धाकटीने जी पायरी मी बंद केली ती मागून उघडली. सासूबाई त्यांत सामील. मास्तरांनाही ठाऊक, बिजागऱ्यांसकट. घरात एकच माणूस खरं बोलत होतं, ते म्हणजे दाराला चिकटवलेला तुकडा, आणि त्यालाच मी आठवडाभर खोटा ठरवत होते.

दीर गेल्यावर तिने दोन वर्षांत दुसरं घर केलं, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मी बदललेली नाही.

त्या मंगळवारी सासूबाई घराबाहेर पडायला निघाल्या नव्हत्या. त्या दार उघडायला गेल्या होत्या. चिरंजिवांनी अकरा खोकी आणली ती एका न झालेल्या गोष्टीसाठी.

संध्याकाळी डाव्या बाजूला बसून भरवलं. देवाचं नाव घेतलंच, ते डावीकडूनही घेता येतं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून. ठसका नाही.

वाटी रिकामी.

१७ तारीख, सोमवार

चिरंजिवांचा फोन.

"आई, मागच्या दाराचं काय? रोज दुपारी उघडतंय. मलाही दिसतंय आता."

"यादी वीसला. आज सतरा आहे."

"आजी जातेय का बाहेर? मी केंद्रात जागा धरून ठेवलीय. तिथे निदान चोवीस तास लक्ष असतं."

"एका बाईला सहा खाटा. ते लक्ष नाही, ती हजेरी. आणि भरवतात कोणत्या बाजूने, ते विचारलंस?"

"म्हणजे?"

"तेच म्हणते. फोन ठेव, दूध वर येतंय."

दूध वर येत नव्हतं. ते देवाला सांगून टाकलं.

आता यादी. मागच्या दारापुढे "जुळत नाही" असं लिहिलं, तर तारवाला तुकडा काढून नेईल, दुपारचं कोणाला कळणार नाही. हे तेच सुचवत होते आठवडाभर, सुचवण्याचीही हिंमत न करता. पण मग एखाद्या दिवशी हे बँकेत असताना सासूबाई पुन्हा कडीला हात घालतील आणि पेटी गप्प राहील. शिवाय ते खोटं आहे. तुकडा जुळतो. नऊ दिवस, अठरा नोंदी, एक मिनिट इकडेतिकडे. घरातलं एवढं वक्तशीर दुसरं काही नाही. मी खोटी खूण चौतीस वर्षांत केलेली नाही आणि हिच्यासाठी तर करणार नाही.

"जुळतो" लिहिलं तर भोंगा.

बराच वेळ रकान्यांकडे पाहत बसले. मग बटणांचा डबा काढला.

१८ तारीख, मंगळवार

तारवाल्याला बोलावलं. आज मोजे नवे होते. माणूस बोलून सुधारतो, अपडेटने नाही.

"ते नवं कुलूप मागच्या दाराला बसवा आणि पाचवी चकती चालू करा. फक्त मागच्या दारासाठी. दुपारी अडीच ते साडेतीन."

"असं वेळेचं जमत नसेल, काकू."

"पत्रकाचं सतरावं पान."

त्याने सतरावं पान काढलं, ओठ हलवत वाचलं आणि जमलं. मग विचारतो, "नाव काय टाकू?"

"धाकटी."

"पूर्ण नाव?"

"या घरात तिचं तेवढंच आहे. टाका."

हे दारात उभे होते. पेपर उलटा धरलेला. "अगं," म्हणाले, "म्हणजे तुला..."

"चहा हवा असेल तर आधण ठेवलंय. पेपर सरळ धरा."

१९ तारीख, बुधवार

सकाळी पदपथ ओलांडला.

दुकानात गिऱ्हाईक कोणी नव्हतं. धाकटी गल्ल्यावर चष्मा लावून गोळ्यांची पाकिटं लावत होती. केस पांढरे झालेत, माझ्यापेक्षा जास्त. तिने वर पाहिलं आणि हातातलं पाकीट तसंच राहिलं.

मी सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी पुढे केली. तिने औषधं काढली. चिठ्ठी न वाचता. मग मी निळी चकती काचेवर ठेवली.

"मागच्या दाराच्या चौकोनाला टेकवायची. हिरवा दिवा लागला की मग आत यायचं. आतून कडी लागलेली नसेल. घाईने ढकललं तर भोंगा वाजतो आणि मला जप सोडून उठावं लागतं."

"जाऊबाई, मी..."

"चकत्या पाच आहेत. यादीत पाचही वापरात दिसायला हव्यात. बाकी काही नाही."

"त्या दिवशी त्या पडल्या ते माझ्यामुळे."

"ते मला माहीत आहे. सगळी नोंद आहे. आता दार बाहेरून उघडेल, त्यांना कडीपाशी यायची गरज पडणार नाही." बाहेर पडता पडता मी थांबले. "आणि वाटी धुऊन ठेवत जा. नुसती पाण्यात बुडवून गेलं म्हणजे धुतली असं होत नाही. वर्षभर मी ह्यांनाच बोलत होते."

तिने चकती हातात घेतली की नाही, ते पाहायला थांबले नाही. औषधं वरच्या रस्त्यापेक्षा स्वस्त पडली. हे आधी कोणी सांगितलं नाही.

२० तारीख, गुरुवार

यादी पूर्ण करून सकाळी चिरंजिवांना वाचून दाखवली. दारांचे तुकडे जुळतात. डोळा जुळतो. कुलूप जुळतं, मात्र बॅटरी खातं. धुराचा भोंगा, कॅमेरे आणि दिवे जुळत नाहीत, ते परत न्यावेत, खोकी मी जपून ठेवली आहेत, गोंद न फाडता.

"आणि मागचं दार?"

"जुळतं. दुपारी जे येतं त्याचं नाव लावलंय, फोनवर बघ. आजी बाहेर जात नव्हती, दार उघडत होती. आता दार बाहेरून उघडेल."

"धाकटी म्हणजे... काकू? आई, पण तूच तर..."

"केंद्रातली जागा सोड. दुसऱ्या कोणाची तरी सोय होईल."

बारा वाजता पेटी पूर्ण चालू झाली. एकदा किणकिणली, मग गप्प.

अडीचला जपाला बसले. आज फोन शेजारी ठेवला. देव समजून घेईल, त्याच्याकडेही नोंदी असतातच. २:४० ला मणी फिरवायचे थांबले. २:४१. काही नाही. मागून सासूबाईंचा आवाज आला, "आली?" आणि ह्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. २:४५. एक पूर्ण माळ झाली आणि कितवी ते लक्षात राहिलं नाही. असं आजवर कधी झालेलं नाही. मी उठून बोळापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. दार उघडायला जाण्यात काही अर्थ नव्हता, ते बाहेरून उघडतं. मीच तशी सोय केली आहे.

मग फोन उजळला.

मागचं दार. २:५२. धाकटी.

खालून वर एकदा तपासलं आणि वहीत खूण केली. अकरा मिनिटं उशीर. काही माणसांना वळण म्हणून लागत नाही.